जर्सी सिटीचं रूझवेल्ट स्टेडियम: एवढं मोठं घडलेली जागा लोक विसरले कसे?

हडसनकाठ (धागाकर्ता)

जर्नल स्क्वेअरच्या पाथ रेल्वे स्टेशनबाहेर कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचा पुतळा आहे. इंडिया स्क्वेअरला किराणा, मिठाई, पूजेचं सामान आणायला जाणाऱ्या आपल्या लोकांचा तो रस्ताच. तरी हा पुतळा जर्सी सिटीत का, असं विचारलं की बहुतेकांकडून एकच ऐकू येतं, "तो ब्रुकलिनचा ना?"

ब्रुकलिनचा खराच. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळायला उतरला आणि मेजर लीगमधली, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधली, रंगाची भिंत पडली, हे शाळेतली मुलंही सांगतात. पण त्याआधी एक वर्ष तो डॉजर्सच्याच हाताखालच्या मॉन्ट्रियल रॉयल्स संघात होता, आणि त्या संघाकडून त्याचा पहिला अधिकृत सामना झाला तो जर्सी सिटीत, रूझवेल्ट स्टेडियमवर, १८ एप्रिल १९४६ रोजी. गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलने जवळजवळ साठ वर्षं लावून ठेवलेलं दार त्या दुपारी उघडलं.

हे स्टेडियम १९३७ साली सुरू झालं. शहराच्या पश्चिम टोकाला, न्यूअर्क बेच्या काठी, आजच्या रूट ४४० जवळ, जुन्या विमानतळाच्या जागेवर. महामंदीत बेकारांच्या हाताला काम देण्यासाठी केंद्र सरकारने जी योजना काढली, तिच्या पैशातून ते बांधलं, म्हणून नाव अध्यक्ष रूझवेल्टचं. १९८५ मध्ये पाडलं. आता तिथे घरं आहेत.

मला विचारायचंय ते असं: जागाच उरली नाही तर तिचा इतिहास कुणी आणि कसा सांभाळायचा? इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे कसं सांगायचं? या भागात जुने राहणारे कुणी असतील तर त्यांनी जरूर लिहा.

चहाबाज

रोज त्या पुतळ्यासमोरून गाडी पकडायला धावतो. उद्यापासून निदान नमस्कार करून धावेन.

डावखुरा

हडसनकाठ, फार चांगला विषय काढलात. त्या सामन्याचा तपशील द्यायलाच हवा, कारण तो नुसता 'पहिला कृष्णवर्णीय मैदानात उतरला' एवढाच नव्हता. त्या दिवशी रॉबिन्सनने समोरच्या संघाची दाणादाण उडवली.

समोर होते जर्सी सिटी जायंट्स, न्यूयॉर्क जायंट्सचा दुय्यम संघ. पहिल्या खेपेला रॉबिन्सन साधा ग्राउंडर मारून बाद झाला. तिसऱ्या इनिंगमध्ये दोन साथीदार बेसवर असताना त्याने चेंडू लेफ्ट फील्डच्या कुंपणाबाहेर भिरकावला. तीन धावांचा होम रन. तो होम प्लेटवर आला तेव्हा पुढचा बॅटर जॉर्ज शुबा, ओहायोचा गोरा पोरगा, हात पुढे करून उभा होता. दोघांच्या हस्तांदोलनाचा तो फोटो पुढे फार गाजला. शुबाच्या गावी, यंग्जटाउनला, त्या हस्तांदोलनाचा पुतळा २०२१ मध्ये उभा राहिला.

मग त्याने डावपेच बदलला. बंट करून पहिला बेस गाठला, दुसरा चोरला (म्हणजे फटका नसताना पळून गाठला), तिसऱ्यावर पोहोचला आणि तिथून पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, असं काही छळायला लागला की पिचरचा तोल गेला आणि बॉक झाला. रॉबिन्सन चालत होम प्लेटवर, आणखी एक धाव. हाच प्रकार त्याने त्याच सामन्यात पुन्हा एकदा केला! पाच खेपांत चार हिट, चार धावा, दोन चोरलेले बेस. रॉयल्स १४-१ ने जिंकले. त्या मोसमात लीगमधली सर्वोत्तम बॅटिंग सरासरीही त्याचीच, .३४९.

गल्लीबोळ

बॉक म्हणजे काय? क्रिकेटवाल्यांना कळेल असं सांगा ना कुणीतरी.

डावखुरा

@गल्लीबोळ, बेसवर धावपटू असताना पिचरने फेकीची हालचाल सुरू केली की ती पुरी करावीच लागते. मध्येच थांबला, हुलकावणी दिली तर पंच बॉक देतात आणि बेसवरचे सगळे एकेक बेस पुढे सरकतात. तिसऱ्या बेसवरचा असेल तर त्याची धावच होते. रॉबिन्सन तिसऱ्या बेसवरून चार पावलं पुढे यायचा, मागे जायचा, परत निघाल्यासारखं करायचा. पिचरचं लक्ष बॅटरवर राहायचंच नाही. बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता मऊ टेकवून पुढ्यात टाकायचा आणि पळत सुटायचं.

गल्लीबोळ

अच्छा! म्हणजे नॉन-स्ट्रायकर एंडला उभं राहून बॉलरला वेड लावायचं. हे आपल्या गल्लीत रोज चालायचं.

मीठभाकर

वेगळं मत मांडतो. इतिहास १९४७ चा मोठा मानला जातो त्याला कारण आहे. रॉयल्स हा दुय्यम दर्जाच्या लीगचा संघ. खरी कसोटी मेजर लीगची. आणि 'पहिला' म्हणायचं तर मार्च १९४६ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला रॉबिन्सन रॉयल्सकडून डॉजर्सविरुद्ध सराव सामना खेळला होता. ते मैदान अजून उभं आहे आणि आज त्याला रॉबिन्सनचंच नाव आहे. मग मान डेटोनाला का नको? प्रत्येक गावाने आपापला 'पहिला' शोधायचा ठरवला तर यादी संपायची नाही.

हडसनकाठ

@मीठभाकर, डेटोनाचा मान डेटोनाला आहेच, आणि त्या शहराने तो जपलाही. पण त्या वसंतात फ्लोरिडात आणखी काय झालं तेही पाहा. जॅक्सनव्हिलला मैदानाच्या दाराला कुलूप घालून सामनाच होऊ दिला नाही. सॅनफर्डमधून रॉबिन्सनला बाहेर काढलं. रेचेल आणि त्याचं लग्न होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते, आणि हे सगळं ती सोबत राहून सोसत होती. तिथून निघून ते जर्सी सिटीत आले. इथे पहिल्यांदा सामना गुणतक्त्यात मोजला जाणार होता, तिकीट काढून आलेल्या गर्दीसमोर. सराव सामन्यात अपयश आलं तर 'अजून तयारी नाही' म्हणून विषय टाळता येतो. १८ एप्रिलला ती पळवाट नव्हती. तो त्या दिवशी कोसळला असता तर त्याला संघात घेणारे डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांचा सगळा बेत धोक्यात आला असता. म्हणून मला ही जागा दुय्यम वाटत नाही.

जुनी_पेठ

मीठभाकर यांच्या 'दुय्यम लीग' या मुद्द्यावर थोडं मागे जाऊन लिहितो, कारण तिथेच या गोष्टीचं खरं मूळ आहे.

१८८० च्या दशकात कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या संघांत होते. मोझेस फ्लीटवूड वॉकर १८८४ मध्ये टोलेडोकडून अगदी वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला. पुढे १८८७ मध्ये तो न्यूअर्कच्या संघात होता, आणि त्याच संघात जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर होता. १४ जुलै १८८७ ला शिकागोचा संघ न्यूअर्कला सामना खेळायला आला. शिकागोचा कर्णधार कॅप अॅन्सन कृष्णवर्णीयांसोबत खेळायला तयार नव्हता. स्टोव्ही त्या दिवशी मैदानात उतरला नाही. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी ठराव केला की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत.

१९४६ मध्ये मॉन्ट्रियल रॉयल्स कोणत्या लीगमध्ये होते? इंटरनॅशनल लीगमध्ये. न्यूअर्क कुठे आहे? रूझवेल्ट स्टेडियमच्या जागेवरून खाडीपलीकडे. ज्या लीगने दार लावलं त्याच लीगमध्ये, आणि जिथे अपमान झाला त्या गावाच्या शेजारी ते उघडलं. मेजर लीगमध्ये कायद्याची बंदी कागदावर नव्हतीच, मालकांचा अलिखित समझोता होता. लेखी ठराव झाला होता तो या 'दुय्यम' लीगचा. म्हणून मला १८ एप्रिलचा दिवस ब्रुकलिनच्या दिवसाइतकाच मोठा वाटतो.

शब्दवेडी

@जुनी_पेठ, अंगावर काटा आला. हे माहीत नव्हतं. न्यूअर्कला इतकी वर्षं नोकरी करते आहे.

तिरपी_रेघ

स्टेडियमच्या आठवणी काढताना महापौर फ्रँक हेग यांना विसरू नका. १९१७ ते १९४७, सलग तीस वर्षं शहर त्यांच्या मुठीत होतं. पालिकेची नोकरी म्हणजे त्यांची मेहेरबानी, आणि तिचा मोबदला नोकरांकडून वसूल व्हायचा. मोसमाच्या पहिल्या सामन्याची तिकिटं पालिकेच्या नोकरांच्या गळ्यात मारली जायची. १९४६ च्या त्या सामन्याची पन्नास हजारांवर तिकिटं विकली गेली असं सांगतात, आणि स्टेडियममध्ये आसनं होती सुमारे २५ हजार! तेव्हा 'जर्सी सिटीने रॉबिन्सनचं स्वागत केलं' असं कुणी लिहिलं की मी जरा थांबतो. निम्मी तिकिटं तर सक्तीची होती.

डावखुरा

@तिरपी_रेघ, तिकिटं सक्तीची होती हे मान्य. पण त्या दिवशी जे आले त्यांत हार्लेमहून, न्यूअर्कहून आलेले कृष्णवर्णीय प्रेक्षकही मोठ्या संख्येने होते. त्यांच्यावर हेगची कसली सक्ती? पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा वेंडेल स्मिथ हे सगळं टिपायला हजर होता. रॉबिन्सनसोबत रॉयल्समध्ये जॉन राइट हा दुसरा कृष्णवर्णीय खेळाडूही होता, पिचर, त्याचं नाव तर कुणीच घेत नाही. आज इथे घेऊ या.

खाडीवारा

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. स्टेडियम पाडल्यावर तिथे जी वसाहत झाली तिथेच आम्ही राहतो. फाटकाआत छोटी दोनमजली घरं, झाडं, मुलांना सायकल चालवायला मोकळे रस्ते. संध्याकाळी खाडीवरून जो वारा सुटतो त्यात छत्री धरून दाखवावी कुणी. होम रन मारणाऱ्यांनी या वाऱ्यात चेंडू बाहेर कसा काढला असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

घर घेताना शाळा सांगितल्या, पाण्याचा दाब सांगितला, पार्किंग सांगितलं. रॉबिन्सनबद्दल एक अक्षर नाही. मला पहिल्यांदा सांगितलं ते शेजारच्या वयस्क गृहस्थांनी. लहानपणी ते वडिलांसोबत या स्टेडियममध्ये यायचे. त्यांनी अंगणात उभं राहून हाताने दिशा दाखवत "इकडे लेफ्ट फील्ड असणार" असं सांगितलं, तेव्हापासून मी या परिसराकडे वेगळ्या नजरेने पाहते.

मीठभाकर

@खाडीवारा, तुमचा प्रतिसाद फार आवडला. पण यातच माझा मुद्दा आहे. १९८५ पर्यंत ते स्टेडियम पडीक झालं होतं. शहराला घरं हवी होती, कर हवा होता. ओसाड काँक्रीट राखून काय साधलं असतं? स्मृती माणसांत असते, जशी तुमच्या शेजाऱ्यांत आहे.

जुनी_पेठ

घरांचं म्हणाल तर न्यूयॉर्कचंही असंच झालं. डॉजर्सचं एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडलं, तिथे उंच इमारती आल्या. बेसबॉलसारखा रंगवलेला लोखंडी गोळा त्या भिंतींवर आपटला, आणि तोच गोळा १९६४ मध्ये जायंट्सच्या पोलो ग्राउंड्सवर चालवला. तिथेही घरंच आली. तरीही त्या जागा लोकांना पाठ आहेत, कारण त्यांच्याबद्दल सतत लिहिलं गेलं. जर्सी सिटीला असे लिहिणारे मिळाले नाहीत. नदीपलीकडे एवढं मोठं न्यूयॉर्क असताना अलीकडच्या गावाकडे कुणाचं लक्ष जाणार?

@मीठभाकर, माणसांत असलेली स्मृती माणसासोबत जाते. खाडीवारा यांचे शेजारी नसतील तेव्हा लेफ्ट फील्ड कोण दाखवणार?

मैदानवेडी

रॉबिन्सनची गोष्ट वाचताना मला पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. चर्मकार समाजातले. पुण्यात साहेबांच्या जिमखान्यात मैदानाची कामं करता करता नेटमध्ये गोलंदाजी करायचे. हिंदूंच्या संघाला त्यांचा डावखुरा फिरकी मारा हवा होता, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या कुल्हडात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

पुण्यात किंवा मुंबईत अमुक ठिकाणी बाळू खेळले असं सांगणारी जागा आपल्यातल्या किती जणांना दाखवता येईल? जर्सी सिटीने निदान चौकात पुतळा उभा केला.

शब्दवेडी

+१००. दोन्ही गोष्टी मुलांना एकत्र सांगायला हव्यात. इथली मुलं जॅकी शाळेत शिकतात, बाळू आपण घरी शिकवू.

चर्चगेट_स्लो

अवांतर: १९३७ म्हटल्यावर मला ब्रेबॉर्न आठवलं. तेही १९३७ चंच. तेही भराव घातलेल्या जमिनीवर, आणि त्याच आर्ट डेको जमान्यातलं. रूझवेल्ट स्टेडियमची बांधणीही आर्ट डेकोच होती. तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटनेचं फाटलं आणि जवळच वानखेडे उभं राहिलं. ब्रेबॉर्नवर कसोटी परत यायला २००९ उजाडलं, आणि सेहवागने २९३ ठोकले. पण ब्रेबॉर्न उभं राहिलं, कारण त्याला मालक होता, क्लब होता. रूझवेल्ट स्टेडियमचा संघच निघून गेला.

डावखुरा

@चर्चगेट_स्लो, नेमकं बोललात. जर्सी सिटी जायंट्स १९५० च्या मोसमानंतर गेले. न्यूयॉर्कच्या मोठ्या संघांचे सामने घरच्या टीव्हीवर दिसायला लागल्यावर दुय्यम संघाला कोण येणार?

मग १९५६ आणि १९५७ मध्ये खुद्द डॉजर्सनी इथे दोन्ही मोसम मिळून पंधरा सामने खेळले. मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवं स्टेडियम हवं होतं, न्यूयॉर्कच्या बांधकामांवर पकड असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस त्यांना क्वीन्समधली जागा दाखवत होते. जर्सी सिटीचे सामने म्हणजे 'आम्ही शहर सोडू शकतो' हा इशारा. गाव जायंट्सवाल्यांचं, त्यामुळे डॉजर्सना इथे हुर्यो खावी लागायची, रॉबिन्सनलाही. १९५६ चा त्याचा शेवटचा मोसम. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विली मेजच्या एका होम रनवर जायंट्सनी डॉजर्सना इथे १-० ने हरवलं. १९५७ नंतर ओमॅली संघ घेऊन लॉस एंजेलिसला गेले, आणि जर्सी सिटीच्या हाती काहीच लागलं नाही.

गल्लीबोळ

म्हणजे जर्सी सिटीचा वापर फक्त धमकी द्यायला!

तिरपी_रेघ

या स्टेडियमच्या नशिबी पाहुणेच फार. १९६० मध्ये क्युबात कॅस्ट्रो सरकारने अमेरिकन कंपन्या ताब्यात घेतल्यावर हवानाचा शुगर किंग्ज संघ भर मोसमात उचलून इथे आणला. तोही दीडएक मोसमात गेला. १९७८ मध्ये ओकलंडचा दुय्यम संघ होता, त्यात रिकी हेंडरसन नावाचा कोवळा पोरगा होता. पुढे बेस चोरण्याचा सार्वकालिक विक्रम त्याच्या नावावर लागला. जिथे रॉबिन्सनने बेस चोरून पिचरला वेडं केलं, तिथेच!

आणि मुष्टियुद्ध. २१ सप्टेंबर १९४८ ला फ्रान्सच्या मार्सेल सेर्दांने टोनी झेलला इथेच हरवून मिडलवेटचं जगज्जेतेपद जिंकलं. झेल बाराव्या फेरीला उठलाच नाही. पुढच्या वर्षी अमेरिकन मुष्टियोद्धा जेक ला मोटाविरुद्ध परतीच्या लढतीसाठी अमेरिकेला येताना अझोर्सजवळ विमान कोसळून सेर्दां गेला. फ्रान्समध्ये त्याच्यासाठी देश रडला. सत्तरच्या दशकात ग्रेटफुल डेड या रॉक बँडचे कार्यक्रमही इथे झाले.

खाडीवारा

अरे देवा, माझ्या स्वयंपाकघराच्या खाली एवढं सगळं झालंय!

चहाबाज

पोळ्या लाटताना बारावी फेरी आठवा.

शब्दवेडी

हसून झालं असेल तर मूळ प्रश्नाकडे येऊ या. हडसनकाठ यांनी विचारलंय की मुलांना कसं सांगायचं. दाखवायला काही उरलंच नसेल तर मुलं कंटाळतात, हा माझा अनुभव. कुणी काही केलंय का?

मैदानवेडी

आम्ही पॅटरसनला जातो. तिथलं हिंचलिफ स्टेडियम १९३२ चं, पॅसेइक नदीच्या मोठ्या धबधब्याच्या अगदी बाजूला. कृष्णवर्णीयांच्या लीगचा न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज संघ तिथे खेळायचा. मेजर लीगच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू लॅरी डोबी पॅटरसनमध्येच वाढला, शाळेत असताना त्याच मैदानावर खेळला. जॅकीनंतर तीन महिन्यांत, ५ जुलै १९४७ ला, तो क्लीव्हलंडकडून उतरला. हे स्टेडियमही वर्षानुवर्षं बंद पडून होतं, पायऱ्यांवर झाडं उगवली होती. पण लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं. तेव्हापासून तिथे न्यू जर्सी जॅकल्स या संघाचे सामने होऊ लागले.

माझ्या मुलाने तिथल्या पायरीवर बसून विचारलं, "आई, यांना वेगळं का खेळायला लावलं?" तिथून जॅकी, बाळू, सगळं सांगता आलं.

मीठभाकर

@मैदानवेडी, हे पटलं. रूझवेल्टच्या बाबतीत माझं मत घरांच्या बाजूनेच आहे, पण जे उभं आहे ते राखायलाच हवं. डोबीचं नाव तर जॅकीच्या सावलीत पार हरवलं. हिंचलिफला मी येणार.

जुनी_पेठ

माझी एक सूचना. खाडीवारा, तुमच्या शेजाऱ्यांची हरकत नसेल तर त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा. कुठे बसायचे, कुठून आत शिरायचे, वडील काय खायला घेऊन द्यायचे, सगळं. मग ते शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्या. नुसता पुतळा हे सांगू शकत नाही.

खाडीवारा

@जुनी_पेठ, विचारते. ते बोलायला तयारच असतात, ऐकणारं कुणी हवं असतं. लेफ्ट फील्डपासून सुरुवात करायला सांगते.

हडसनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_पेठ यांनी सांगितलेला १८८७ चा ठराव मला आता मुलांना सांगायच्या गोष्टीत सगळ्यात आधी घ्यायचाय, त्याशिवाय १९४६ चं मोल कळत नाही. येत्या उन्हाळ्यात हिंचलिफला एका सामन्याला एकत्र जाऊ. सकाळी जर्नल स्क्वेअरला पुतळ्यापाशी जमायचं, तिथून पॅटरसन. कोण कोण येणार ते इथेच लिहा, मुलं किती तेही सांगा, म्हणजे गाड्या ठरवता येतील.

गल्लीबोळ

मी आणि दोन मुलं. बॉक झाला की डावखुऱ्यांनी आधी सांगायचं, मगच टाळ्या.

चहाबाज

मी येणार. थर्मास माझ्याकडे.